‘विकला’ : आयर्लंडमधील यहुदी फेरीवाला आणि त्याचे गिऱ्हाईक

‘विकला’ हा शब्द मराठी माणसाने वाचला की माल विकला, पैसे हातात आले, असेच त्याला वाटणार. पण मी ज्या शब्दाबद्दल लिहिणार आहे तो मराठी नव्हे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आयर्लंडमध्ये, विशेषतः डब्लिन शहरात, तिथल्या यहुदी लोकांच्या बोलण्यात हा शब्द रोज येत असे. त्याचे मूळ इंग्रजी ‘वीकली’, म्हणजे आठवड्याचे. लिथुआनियाहून आलेल्या यिद्दिशभाषी माणसाला इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ वेगळे उच्चारता येत नसत. (ते आपल्याही जिभेला कुठे येतात!) त्यामुळे ‘वीकली’चे ‘विकला’ झाले आणि तेच एका धंद्याचे नाव पडले. दारोदार जाऊन माल उधारीवर द्यायचा आणि दर आठवड्याला ठरल्या दिवशी थोडी थोडी रक्कम गोळा करायची, हा तो धंदा. तो करणारा ‘विकलामॅन’.

आपण मराठीत याला हप्ता म्हणतो. हप्ता म्हणजे मुळात फारसीतला हफ्ता, सात दिवसांचा आठवडा. आठवड्याच्या नावावरून उधारीचे नाव पडावे हे आपल्याकडे घडले आणि तिकडेही घडले, एकमेकांचा काही संबंध नसताना. शब्दांच्या मागे लागण्याची मला जुनी खोड आहे. मुलगा नोकरीनिमित्त डब्लिनला असल्यामुळे माझे तिकडे दोनदा जाणे झाले, आणि हा शब्द कानी पडल्यावर मी त्याचा पिच्छा सोडला नाही.

आयर्लंड म्हटले की अलीकडे मराठी माणसाला लिओ वराडकर आठवतात. तिथले माजी पंतप्रधान. त्यांचे वडील मुंबईचे आणि मूळ गाव मालवणजवळचे वराड. पण आपल्या इस्राएलमधल्या वाचकांना आयर्लंडचे दुसरे एक घराणे अधिक जवळचे आहे. आपले राष्ट्राध्यक्ष चैम हर्झोग यांचा जन्म १९१८ साली बेलफास्टचा आणि बालपण डब्लिनचे. ज्या वस्तीत ‘विकला’ हा शब्द बोलला जाई, त्याच वस्तीच्या आसपास ते लहानाचे मोठे झाले.

ही माणसे आयर्लंडला पोचली कशी? १८८१ साली साऱ्या आयर्लंडमध्ये यहुदी माणसे साडेचारशेच्या आसपास होती. १९०१ च्या शिरगणतीत ती ३,७७१ झाली आणि १९११ मध्ये ५,१४८. एवढी वाढ झाली ती जवळजवळ सगळी रशियाच्या झारच्या राज्यातून, आणि त्यातही लिथुआनियाच्या वायव्येकडच्या काही खेड्यांतून. एक कथा अशी सांगतात की, अमेरिकेला निघालेल्या या लोकांनी बोटीवर ‘कॉर्क’ अशी आरोळी ऐकली आणि न्यूयॉर्क आले असे समजून ते खाली उतरले. कथा मोठी गमतीची आहे. इतिहासकार मात्र ती खरी मानत नाहीत. कॉर्क शहरात जे आले त्यांतले बरेचसे अकमियान नावाच्या एकाच गावचे आणि त्याच्या आसपासचे. एक भाऊ आला, त्याने दुसऱ्याला बोलावले, त्याने मेहुण्याला बोलावले. म्हणजे पत्ता नीट माहीत होता. कोकणातून मुंबईला आपली माणसे ज्या रीतीने आली, तीच ही रीत. कथा टिकून राहिली याचे कारण मला वेगळे वाटते. भाषा न कळल्यामुळे आपले काय काय होऊ शकते, ही धास्ती त्या पिढीच्या मनात होती, आणि त्या धास्तीला हसता यावे म्हणून ही गोष्ट घरोघर सांगितली गेली.

गावी यातले काही छोटे व्यापारी होते, काही कारागीर. आयर्लंडमध्ये उतरल्यावर मात्र हातात भांडवल नाही, ओळख नाही आणि इंग्रजीचा एक शब्द येत नाही. अशा वेळी आधी येऊन स्थिरावलेला एखादा नातेवाईक किंवा घाऊक व्यापारी त्याला थोडा माल उधारीवर देई. कापड, ब्लँकेटे, तयार कपडे, चहा. आणि आणखी एक वस्तू, जी ऐकून वाचकांना नवल वाटेल: कॅथलिक संतांच्या तसबिरी. शब्बाथ पाळणारा, कोशेर खाणारा यहुदी काखेत मरियमेची आणि पोपची चित्रे घेऊन दारोदार हिंडे. धर्माच्या दृष्टीने हे विचित्र, पण धंद्याच्या दृष्टीने अगदी बरोबर. चित्र दाखवले की काम होते, त्याचे वर्णन करावे लागत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याने असाच माल घ्यावा जो स्वतःच बोलेल. सोमवारी सकाळी निघायचे, गावोगाव पायी फिरायचे, आणि शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घरी परतायचे. हिब्रूत ज्याला आपण ‘रोखेल’ म्हणतो तोच हा.

आता या माणसाला भाषा किती लागत होती? मी शिक्षिका असल्यामुळे हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मालाची पाचपन्नास नावे, वारांची नावे, ‘पुढच्या आठवड्यात’ आणि ‘मागचे राहिलेले’ एवढे दोन शब्दप्रयोग, आणि आकडे. आकड्यांतच खरी मेख होती. त्याच्या गावी रूबलचे शंभर कोपेक. इथे पाउंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगाचे बारा पेनी, म्हणजे पाउंडाचे दोनशे चाळीस पेनी. १ एप्रिल १९५७ ला भारतात नवे पैसे आले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. सोळा आणे आणि एकशे ब्याण्णव पै सोडून शंभर पैशांकडे जाताना आमच्या गल्लीतल्या वाण्याची आणि बायकांची किती बाचाबाची होई ते मला आठवते, आणि तिथे तर दोघेही मराठीच बोलत होते. या बिचाऱ्याला उलट दिशेने जायचे होते, शंभरातून दोनशे चाळीसात, आणि तेही परक्या भाषेत, परक्या दारात, पावसात उभे राहून.

हप्त्याचा सगळा हिशेब वहीत असे. शाळेत हेदेरमध्ये जो यिद्दिश आणि हिब्रू तेवढे शिकला, तो माणूस वही कोणत्या लिपीत लिहिणार? आपल्याच. ती गिऱ्हाइकाला वाचता येणार नाही. आणि गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक घरची बाई, तिच्याकडे काही लिहिलेले असेलच असे नाही. शिलिंगभर दिल्यावर वहीत काय उमटले हे तिला कळायला मार्ग नव्हता. सगळा व्यवहार विश्वासावर. या वहीचे मी पुढे पुन्हा नाव काढणार आहे.

आमच्या घरची एक आठवण इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. अलिया करून आम्ही इथे आलो तेव्हा आईला हिब्रू येत नव्हते. कोपऱ्यावरचा मकोलेतवाला रुमेनियाचा, त्याची भाषा यिद्दिश आणि मोडके हिब्रू. आई बोटाने दाखवी, तो काढून देई आणि ‘रेशिमा’त लिहून ठेवी. आईने स्वतःची एक वही केली, त्यात ती पेन्सिलीने मराठीत मांडी. महिनाअखेरीस दोन वह्या शेजारी ठेवल्या जात. त्याची अक्षरे तिला कळत नसत आणि तिचे आकडे त्याला कळत नसत, कारण आमचा एक आणि त्यांचा एकसुद्धा वेगळा! शेवटी मी किंवा माझा भाऊ मध्ये उभे राहून वाचून दाखवत असू. बेरीज बहुधा जुळे. पण ती जुळेपर्यंत दोघांच्या चेहऱ्यावर जो संशय असे, तो मी पाहिला आहे.

आता त्या आयरिश गिऱ्हाइकाकडे पाहू. फेरीवाला ज्या दारात इंग्रजीचे तुकडे जोडत उभा होता, त्या दारातली भाषा तरी मुळात इंग्रजी होती का? अनेक ठिकाणी नव्हती. १८५१ च्या शिरगणतीत पहिल्यांदा भाषा विचारली गेली, तेव्हा आयरिश बोलणारे पंधरा लाखांच्या वर होते. चाळीस वर्षांनी, १८९१ मध्ये, ते सहा लाख ऐंशी हजारांच्या आसपास उरले. मधे काय झाले? बटाट्याचा दुष्काळ १८४५ ते १८५२. त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली, आणि मेली ती मुख्यतः सर्वांत गरीब, म्हणजे आयरिश बोलणारी. १८३१ पासून सरकारी शाळा सुरू झाल्या, त्या इंग्रजीत. मुलाच्या गळ्यात काठी बांधायची आणि तो आयरिश शब्द बोलला की तिच्यावर एक खाच पाडायची, खाचा मोजून शिक्षा द्यायची, अशी रीत होती. आईबापही यात सामील असत, कारण बाजार, कचेरी, अमेरिकेचे बोटीचे तिकीट, सगळे इंग्रजीत. स्वतः आयरिश बोलत मोठा झालेला त्यांचा थोर पुढारी डॅनियल ओकॉनेल, त्यालासुद्धा इंग्रजीच अधिक उपयोगाची वाटत होती.

म्हणजे पाहा, एका दारात दोन माणसे उभी आहेत. आतल्या बाईच्या आईने किंवा आजीने आपली भाषा सोडली, कारण शहरातला दुकानदार ती बोलत नव्हता आणि तिला मीठ, लोखंड, कापड घ्यायचे होते. बाहेरचा माणूस आपली भाषा बाजूला ठेवून तीच इंग्रजी शिकतो आहे, कारण त्याला विकायचे आहे. दुकानदार बलवान असेल तर गिऱ्हाईक भाषा शिकते, विकणारा दुबळा असेल तर तो शिकतो. आपल्या पूर्वजांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनवार तेली हे नाव मिळवले, तेव्हा ते गिऱ्हाइकाचीच भाषा बोलत होते आणि ती इतकी आपली झाली की मी आज हा लेख तिच्यात लिहिते आहे. आयर्लंडच्या यहुद्यांनाही दोन पिढ्यांत इंग्रजी घरची झाली. फरक एवढाच की, त्यांनी जी उचलली ती गिऱ्हाइकाचीही मूळची नव्हती.

शहरातल्या त्यांच्या वस्तीत मात्र उलट चित्र होते. डब्लिनच्या क्लॅनब्रासिल स्ट्रीटवर आणि आसपासच्या गल्ल्यांत, ज्याला लोक ‘लिटल जेरुसलेम’ म्हणत, कोशेर खाटीक, बेकऱ्या, किराणा यांची रांग होती. तिथे काउंटरच्या दोन्ही बाजूंना यिद्दिश. शब्बाथला चूल पेटवून द्यायला शेजारची कॅथलिक मुले येत. लेनॉक्स स्ट्रीटवरची ‘ब्रेट्झेल’ बेकरी १८७० पासूनची, ती आजही आहे, पण मालक यहुदी नाहीत. वॉलवर्थ रोडवरच्या जुन्या सिनेगॉगमध्ये आता आयरिश ज्यूइश म्युझियम आहे. २० जून १९८५ ला चैम हर्झोग यांनी इस्राएलचे राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याचे उद्घाटन केले.

जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी अनेकांनी ऐकलेली असते, वाचलेली थोड्यांनी. मीही ती सगळी वाचली असे म्हणणार नाही. पण तिच्यातले दोन प्रसंग आपल्या विषयाचे आहेत. कथेचा दिवस १६ जून १९०४. सकाळी नायक ब्लूम खाटकाच्या दुकानात जातो. खाटीक त्याच्यासारखाच यहुदी, आणि विकतो डुकराचे मांस! काउंटरवर किनेरेतच्या काठच्या एका आदर्श शेतीच्या जाहिरातीचे कागद पडलेले. दोघांनी एकमेकांना ओळखले आहे, आणि दोघेही त्याबद्दल अक्षर बोलत नाहीत. भाषा येत असूनही बोलायचे नाही, हाही एक प्रकार. दुसरा प्रसंग पुढचा, गुत्त्यात शिरण्याआधीचा. उधारीवर चहा-साखर दिलेल्या एका यहुदी व्यापाऱ्याचे पैसे आयरिश गिऱ्हाइकाने बुडवले आहेत, आणि ती हकीकत सांगणारा माणूस त्या व्यापाऱ्याच्या मोडक्या इंग्रजीची नक्कल करून हसतो आहे. पैसे कोणी कोणाचे बुडवले हे बाजूला राहते, व्याकरण कोणाचे चुकले हेच लक्षात राहते. मुंबईत गिरणगावात पठाण सावकाराच्या बोलण्याची अशीच नक्कल होई. त्याच्या हातात मात्र काठी असे. या व्यापाऱ्याच्या हातात वहीशिवाय काही नव्हते.

त्याच १९०४ साली लिमरिक शहरात हे हसणे संपले. ११ जानेवारीला रेडेम्प्टोरिस्ट पंथाचे फादर जॉन क्रे यांनी प्रवचनात यहुद्यांवर हल्ला चढवला. जुने धार्मिक आरोप होतेच, पण मुख्य रोख हप्त्याच्या धंद्यावर होता: हे लोक घरोघर जाऊन बायकांच्या गळ्यात माल मारतात, नवऱ्यांना पत्ता नसतो, आणि कर्जाचा डोंगर होतो. त्यांच्याशी व्यवहार करू नका, असा उपदेश झाला. शहरात यहुदी जेमतेम पावणेदोनशे, बरेचसे कोलूनी स्ट्रीट या एकाच रस्त्यावर राहणारे. लोकांनी त्यांच्याकडून घेणे बंद केले आणि आधीच्या उधारीचे हप्ते देणेही बंद केले. दगडफेक झाली. ती वही आता कोणाला दाखवायची? जिच्यातले अक्षर दुसऱ्या पक्षाला वाचताच येत नाही, तिच्यात काहीही लिहिले आहे असे म्हणता येते. फादर क्रे यांचा द्वेष भाषेमुळे जन्मला असे मी म्हणत नाही, द्वेषाला भाषा लागत नाही. पण प्रवचन दुसऱ्या दिवशी गावभर पसरायला वेळ लागला नाही, आणि उत्तर द्यायला उभे राहतील अशी, इंग्रजीत वर्तमानपत्राला पत्र लिहू शकतील अशी माणसे त्या पावणेदोनशेंत मोजकी होती. रब्बी इलायस लेव्हिन यांना तो भार उचलावा लागला. सुदैवाने आयरिश पुढारी मायकेल डेव्हिट उघडपणे त्यांच्या बाजूने लिहिते झाले. आदल्याच वर्षी किशिनेव्हची कत्तल झाली होती आणि डेव्हिट यांनी तिथे जाऊन तिच्यावर पुस्तक लिहिले होते. बहिष्कार दोनेक वर्षे रेंगाळला. पोलिसांच्या १९०५ सालच्या अहवालाप्रमाणे त्यापायी पाच कुटुंबे, बत्तीस माणसे, शहर सोडून गेली. त्या हल्ल्यांची झळ बसलेल्या एका फेरीवाल्याचे कुटुंब कॉर्कला आले, आणि त्याचा मुलगा जेराल्ड गोल्डबर्ग वकील होऊन १९७७ साली कॉर्कचा लॉर्ड मेयर झाला. डब्लिनला तर त्याआधीच, १९५६ मध्ये, रॉबर्ट ब्रिस्को लॉर्ड मेयर झाले होते.

१९०५ मध्ये आयरिश भाषेच्या लोकांनीही काउंटरवर भांडण मांडले, पण वेगळ्या काउंटरवर. डब्लिनच्या पोस्टात फक्त आयरिशमध्ये पत्ता लिहिलेली पार्सले घ्यायला नकार मिळू लागला, आणि डग्लस हाइड यांनी १८९३ साली स्थापलेल्या गेलिक लीगने त्यावरून मोहीम काढली. त्याच वर्षी डोनेगलच्या नील मॅक गिला वरीज या माणसाला दंड झाला, कारण गाडीवर मालकाचे नाव वाचता येईल असे लिहिण्याचा कायदा होता आणि याने ते आयरिशमध्ये लिहिले होते. त्याचे वकीलपत्र घेतले तरुण पाद्रेग पिअर्सने. तोच पुढे १९१६ च्या उठावाचा नेता झाला आणि गोळ्या घालून मारला गेला. खटला तो हरला. आपल्याच देशात आपले अक्षर ‘न वाचता येणारे’ ठरावे, हे त्या फेरीवाल्याच्या वहीसारखेच झाले.

१९१९ साली डब्लिनला रब्बी म्हणून आलेले यित्झाक हर्झोग, म्हणजे चैम हर्झोग यांचे वडील आणि नंतरचे आपले मुख्य रब्बी, हे पोलंडमध्ये जन्मलेले. पण त्यांनी आयरिश भाषा चांगली आत्मसात केली होती. त्यांना काही विकायचे नव्हते. हे मला फार आवडले.

स्वातंत्र्यानंतर आयरिश ही राष्ट्रभाषा झाली, १९३७ च्या घटनेने तिला पहिली राजभाषा म्हटले, शाळेत ती सक्तीची झाली. दुकानाने मात्र तिला आत घेतले नाही. २००३ चा भाषा कायदा सरकारी कचेऱ्यांना बांधतो, खाजगी दुकानाला नाही. २००७ मध्ये मानखान मॅगन यांनी टेलिव्हिजनसाठी फक्त आयरिश बोलत देशभर प्रवास केला, आणि दुकानांत, गुत्त्यांत त्यांना किती जणांनी उडवून लावले ते साऱ्या देशाने पाहिले. त्याच्या चार वर्षे आधी डॅनियल ओहारा यांचा एक छोटा चित्रपट आला. यू मिंग नावाचा चिनी तरुण, आयर्लंडची राजभाषा आयरिश आहे असे पुस्तकात वाचून, ती सहा महिने घोकतो आणि डब्लिनला येतो. त्याचे अस्सल आयरिश ऐकून लोकांना वाटते की हा चिनी बोलतो आहे!

१ मे २००४ ला पोलंड, लिथुआनिया आदी देश युरोपीय संघात आले, आणि आयर्लंडने त्यांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दार उघडले. थोड्याच वर्षांत गल्ल्यावर बसणारी, माल रचणारी, पाव भाजणारी माणसे परदेशची झाली. आता विकणारा नवखा आणि गिऱ्हाईक जुने. ‘गल्ल्यावरच्या मुलीचे बोलणे मला कळत नाही,’ अशी तक्रार मी तिथे माझ्या वयाच्या बायकांकडून ऐकली. त्या मुलीला त्यांचे कॉर्ककडचे इंग्रजी किती कळत असेल, हे त्यांनी विचारले नव्हते. २०१६ च्या शिरगणतीत घरी पोलिश बोलणारे १,३५,८९५ निघाले, आणि शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे ७३,८०३. लिथुआनियन बोलणारे ३५,३६२.

मुलाच्या घराजवळ एक असे लिथुआनियन लोकांचे दुकान आहे. राय धान्याचा काळा पाव, खारवलेल्या काकड्या, हेरिंग मासे, सगळे त्या जुन्या विकलामॅनच्या घरी जेवणात असलेले पदार्थ. पाट्या लिथुआनियनमध्ये, खाली बारीक अक्षरात इंग्रजी. मी काकड्यांची बरणी उचलली. मुलीने किंमत इंग्रजीत सांगितली, मला नीट ऐकू आली नाही, तेव्हा तिने आकडा कागदावर लिहून माझ्यापुढे केला. लिथुआनियात अकमियान नावाचे गाव तुला ठाऊक आहे का, असे मी विचारले. तिने माझा उच्चार दुरुस्त केला. आता त्याला अक्मेने म्हणतात, म्हणाली, आणि तिची मावशी तिथे राहते.